प्रचारबंदीतलं मटणाचं ताट

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत जळालेल्या विजेच्या मोटारी भरून देणारी बरीच दुकानं आहेत. त्यातल्याच एका दुकानात नागसेन होवाळ सतराव्या वर्षी तांब्याची तार गुंडाळायला बसला. पुढं एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी बंद पडलेला अ‍ॅम्प्लिफायर त्यानं तिथल्या तिथं चालू करून दिला आणि आवाजाच्या धंद्यात शिरला, तो कायमचाच. आता त्याचं वय सेहेचाळीस. घराला लागून पत्र्याची शेड आहे. शेडमध्ये बारा बॉक्स, आठ कर्णे, दोन मिक्सर, वायरींची भेंडोळी. दारावर पाटी, 'होवाळ साउंड सर्व्हिस'. जयंती असो, बारसं असो, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन असो, कुपवाडात जे काही जोरात ऐकू येतं ते बहुतेक नागसेनच्या कर्ण्यातून येतं.

स्वतः माणूस मात्र अबोल. दिवसाला त्याला पन्नास-साठ शब्द पुरतात, आणि त्यातले निम्मे 'हॅलो, हॅलो, चेक' असतात.

या धंद्यानं त्याला एक दुखणं लावून दिलं होतं. साउंडवाल्याला कधी नीट जेवायला मिळत नाही. लग्नात पंगती उठल्यावर कुणाला तरी आठवतं, की अरे, माईकवाला राहिला. मग त्याला एक ताट बॉक्सच्या मागं आणून देतात. ते त्यानं उभ्यानं खायचं, डावा हात व्हॉल्यूमच्या बटनावर ठेवून. भात गार, आमटीवर तेलाचा थर, आणि कानाला लागून नवरदेवाच्या मामाचं मनोगत. पंचवीस वर्षं असं जेवल्यावर नागसेनचं एक ठाम मत झालं होतं. जेवण म्हणजे बूड टेकून, दोन्ही हात मोकळे ठेवून आणि कान मोकळे ठेवून जेवायचं. तसं जेवण त्याला वर्षातनं तीन-चारदा मिळायचं, आणि त्यासाठी तो एकटाच गाडीला किक मारून लांब कुठंतरी जायचा.

लोकसभेची निवडणूक लागली त्या साली त्याचे फार हाल झाले. मतदारसंघात उमेदवार ढीगभर होते, पण लढत खरी दोघांत. एकाला सगळे दाजी म्हणायचे, दुसऱ्याला मामा. दोघांच्याही लोकांनी कोपरासभांसाठी नागसेनचाच सेट ठरवला. सकाळी दाजी, संध्याकाळी मामा. कुणी टोमणा मारला तर नागसेन म्हणायचा, "माईकला पक्ष नसतोय." टेम्पो चालवायला त्याचा चुलतभाऊ सोपान होता. तो दोन्हीकडं सारख्याच जोरात टाळ्या वाजवायचा.

अठरा दिवसांत नागसेननं दाजींचं भाषण एक्केचाळीस वेळा ऐकलं आणि मामांचं अडतीस वेळा. दाजी बोलायच्या आधी माईकवर तीन टिचक्या मारायचे, 'माझ्या माय-माउलींनो' म्हणायचे आणि खोकायचे. मामा सुरुवातीला कानात सांगितल्यागत हळू बोलायचे आणि मग एकदम ओरडायचे. त्या ओरडण्याच्या आधी अर्ध्या सेकंदात आवाज खाली घेतला नाही, तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांचं काही खरं नव्हतं. त्यामुळं नागसेनला दोन्ही भाषणं शब्दन्‌शब्द, श्वासन्‌श्वास पाठ झाली. एका पहाटे तो झोपेतच "माझ्या माय-माउलींनो" म्हणाला आणि खोकला. त्याची बायको प्रियदर्शनी प्लास्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. तिनं उठून त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "चौकात सभा घेताय का?"

या सगळ्यात त्याला एकच आशा होती. मतदानाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी सहाला प्रचार बंद होतो. सरकारच बंद करतं. नागसेन त्या दिवसाकडं डोळे लावून बसला होता. मधला एक अख्खा दिवस, ज्या दिवशी राजकारण बोलायला कायद्यानंच मनाई, असा त्यानं त्याचा सोपा अर्थ लावला होता.

सहा वाजता त्यानं मामांच्या शेवटच्या सभेतला माईक काढून घेतला. मामा अजून हात वर करून उभे होते, तोवर यानं वायर गुंडाळायला घेतली. दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्यानं गाडी बाहेर काढली. प्रियदर्शनी कामाला गेली होती. सोपाननं विचारलं, "कुठं?" नागसेन म्हणाला, "जरा." आणि निघाला जतच्या रस्त्याला.

त्या रस्त्याला धोंडुबाईची खानावळ आहे. पत्र्याचं छप्पर, पुढं लिंबाचं झाड, सहा टेबलं. जत भागातल्या मेंढीचं मटण, चुलीवरची ज्वारीची भाकरी, तांबडा रस्सा, सुकं, खर्डा आणि दहीकांदा. कुपवाडपासून लांब पडतं, म्हणूनच नागसेनला ते आवडायचं. तिथं त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. वाटेत ऊन असं होतं, की समोरून येणारे पाण्याचे टँकर हवेत तरंगल्यागत दिसत होते. पण नागसेन खुशीत होता. मतदानामुळं दारूची दुकानं बंद, म्हणजे खानावळीत आज बडबडे लोकही नसणार, असाही त्याचा हिशेब होता.

तो पोचला तेव्हा पाच टेबलं भरलेली होती. सहावं कोपऱ्यात, भिंतीला तोंड करून. त्याला हवं तसंच. तो बसला, हात धुऊन आला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या. ताट आलं. भाकरीतून वाफ निघत होती, रश्श्यावर लालभडक तवंग होता आणि सुक्याच्या वाटीत एक हाडाची नळी उभी होती. नागसेननं भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"पाव्हणं, बसू का हितं?"

डोळे उघडले तर समोर पिळदार मिशांचा, साठीकडं झुकलेला माणूस बसलेलाच होता. हा सयाजी. फौजेत हवालदार होता, आता गावाकडं शेती बघायचा आणि दाजींचा प्रचारही करायचा.

"कुठलं म्हणायचं?"

"कुपवाड."

"आरं वा! म्हंजे शेराकडचं. मग काय, वारं कुणीकडचं हाय तिकडं?"

नागसेननं छताकडं बघितलं. "पंखा बंद हाय," तो म्हणाला, "वारं न्हाईच."

सयाजीला ते फार आवडलं. तो मांडीवर थाप मारून हसला आणि दाजी का निवडून येणार याची कारणं सांगायला लागला. पहिलं कारण सांगून झालं तेव्हा नागसेनचे दोन घास झाले होते. दुसऱ्या कारणाच्या मध्येच शेजारच्या टेबलावरचा एक जाड चष्मेवाला गृहस्थ खुर्चीसकट वळला. हा नानासो. दूध संघात नोकरी आणि मामांचा कट्टर.

"ओ फौजी, पाव्हण्याला उगं फसवू नगासा. दाजी पडत्यात. ल्हिऊन देतो."

"द्या ल्हिऊन!"

"पाव्हणं, तुमी सांगा," नानासो नागसेनकडं वळला. "नाव काय आपलं?"

"नागसेन होवाळ."

"आसं आसं." नानासोनं आवाज एकदम खाली आणला. "तुमच्या वस्तीतली मतं मग कुणाकडं?"

हा प्रश्न नागसेनला अठरा दिवसांत इतक्यांनी विचारला होता, की जणू वस्तीची सगळी मतं तो गाडीच्या डिकीत घालूनच फिरतो. तो शांतपणे म्हणाला, "वस्तीत चारशे माणसं हायत. मी हितं जेवाय आलोय. त्यास्नी विचाराय लागंल."

"आवं, पण अंदाज?"

"रस्सा गार व्हतोय."

सयाजी आणि नानासो आता त्याच्या ताटावरूनच एकमेकांशी बोलायला लागले. सयाजीचं बोट खर्ड्यावर, नानासोचा हात दहीकांद्यावर. नागसेननं खूप वेळ सोसलं. मग घसा साफ करून तो म्हणाला, "आवं, प्रचार काल सहालाच बंद झालाय. बोलाय बंदी हाय."

दोघंही थांबले. नागसेनला वाटलं, जमलं.

"प्रचार कोण करतंय?" नानासो म्हणाला. "ही चर्चा हाय."

"करेक्ट," सयाजी म्हणाला. "मत द्या म्हटलं तर प्रचार. मी म्हटलं का मत द्या? मी म्हटलं, दाजी येणार. ही माहिती झाली."

"आनि मी म्हटलं पडणार. हा अंदाज झाला."

इतका वेळ एकमेकांचे वैरी असलेले दोघं नागसेनच्या विरुद्ध एक झाले. प्रचार म्हणजे काय, चर्चा म्हणजे काय, कोपऱ्यात बसून बोललं तर कोपरासभा होते का, हे त्यांनी त्याला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. शेवटी सयाजीनं दाराजवळच्या टेबलाकडं हाक मारली. तिथं जयराज नावाचा पोलीस जेवत होता, पुढच्याच चौकीतला.

"सायेब, तुमीच सांगा. ह्यो प्रचार हाय का?"

"मी आत्ता पोलीस न्हाई," जयराज तोंडातली नळी न काढता म्हणाला. "जेवतोय." मग नळी बाजूला ठेवून त्यानं पुढं सांगितलं, "पण मला विचाराल तर जतमधी दाजी, मिरजंकडं मामा, आनि मधी टाय."

झालं. आता सहाही टेबलं बोलायला लागली. 'टाय' या शब्दावर दोन मतं पडली. कुणीतरी कागद मागितला आणि गावांची नावं लिहायला घेतली.

नागसेननं ताट उचललं आणि गुपचूप स्वयंपाकघराच्या दारात गेला. धोंडुबाई चुलीपाशी होती आणि तिच्या शेजारी भाकऱ्या थापणारी सुलाबाई. धोंडुबाईनं त्याच्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं.

"रस्सा पार गार झालाय की तुमचा! काय खाल्लासा का न्हाई?"

"मावशी, मी हितं बसून जेवू का?"

तिनं काही न विचारता पाट सरकवला, गार रस्सा बाजूला ओतून टाकला, गरम वाढला आणि ताज्या भाकरीचा पापुद्रा फुंकर मारून उघडून दिला. चुलीची धग पाठीला लागत होती, पण नागसेनला त्याचं काही नव्हतं. दोघी बायका आपापसांत कानडीत बोलत होत्या. नागसेनला कानडी येत नाही. एखाद्या ओढ्याकाठी बसावं तसं त्याला वाटलं. ती भाषा कानावरून वाहत होती आणि त्याला त्यातलं काही घ्यावं लागत नव्हतं. त्यानं घास केला.

तेवढ्यात त्या वाहत्या कानडीतून 'मामा' हा शब्द टुणकन उडाला. पाठोपाठ 'दाजी'. मग 'मामा' दोनदा. मग सुलाबाईनं पीठ लागलेला हात हवेत उडवून 'मामा' एकदा अशा काही सुरात म्हटलं, की अर्थ कुणालाही कळावा.

नागसेन घास धरून तसाच बसला. धोंडुबाईचं लक्ष गेलं.

"आवं, तुमास्नी कानडी कळत नसंल न्हाई का?" ती म्हणाली. पाहुण्याला बाजूला ठेवून बोलणं तिला बरं वाटलं नाही. "थांबा, मराठीत सांगते. ही सुला म्हंती, मामाच्या बायकूनं गावात येऊन एक बी घरात च्या घेतला न्हाई. मी म्हंती, दाजीची बायकू तर गाडीतनं खाली बी उतरली न्हाई. आता तुमी सांगा, ह्यात जास्त वंगाळ कोण?"

आतापर्यंत नागसेन होवाळ आयुष्यात कुणावर ओरडला नव्हता. इतके बॉक्स घरात असताना ओरडायचं कशाला, असंही असेल. पण त्या क्षणी त्यानं हातातला घास ताटात टाकला आणि पाण्याचा ग्लास उचलला. तो पाटावरून उठला, बाहेर आला आणि सहा टेबलांच्या मधोमध उभा राहिला. हातात पाण्याचा स्टीलचा ग्लास तसाच होता. लोक आकडेमोडीत गर्क. त्याला खरं तर एवढंच म्हणायचं होतं, की बाबांनो, गप्प बसा, मला जेवू द्या. पण पंचवीस वर्षांत तो चारचौघांत उभं राहून स्वतःचं असं काही कधी बोललाच नव्हता. तोंड उघडलं, आणि जे पाठ होतं तेच बाहेर पडलं.

त्यानं ग्लासवर तीन टिचक्या मारल्या. टिंग, टिंग, टिंग.

"माझ्या माय-माउलींनो," नागसेन म्हणाला, आणि खोकला.

सयाजी ताडकन वळला. तो आवाज दाजींचा होता. ती मान, तो खोकला, ते डाव्या हातानं नसलेलं उपरणं सारखं करणं. "मला खुर्चीचा मोह नाही," नागसेन म्हणाला. "मी आलो तो तुमच्या चरणांची धूळ व्हायला. या रस्त्यावरचे खड्डे बघतो, तेव्हा ते मला माझ्या काळजाला पडल्यासारखे वाटतात. मी शब्द देतो..."

घास घेतलेले हात तोंडाशी थांबले. धोंडुबाई आणि सुलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"...मी शब्द देतो," इथं नागसेनचा आवाज एकदम खाली गेला, कानात सांगितल्यागत झाला, "की सहा महिन्यांच्या आत..." आणि मग त्यानं छातीवर ग्लास धपकन आपटून असा काही आवाज लावला, की लिंबावरचे कावळे उडाले. "सहा महिन्यांच्या आत हा रस्ता आरशासारखा केला नाही, तर नाव लावणार नाही!"

सयाजीनं कडाडून टाळ्या वाजवल्या. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण मामांना टाळ्या वाजवल्या. दाजींचं वाक्य मामांनी कुठं पुरं केलं, तो सांधाच त्याला सापडला नव्हता. नानासोही 'वा, वा' म्हणता म्हणता थांबला, कारण नागसेन पुन्हा खोकला होता आणि आता पाण्याच्या प्रश्नावर दाजी बोलत होते. पाच मिनिटं ते तसंच चाललं. एक वाक्य दाजींचं, एक मामांचं, आणि दोन्ही मिळून एकच भाषण. शेवटी दाजींनी हात जोडले आणि मामांनी जयजयकार केला. रस्त्यावर दोन टँकर थांबले होते आणि त्यांचे ड्रायव्हर खाली उतरून खिडकीतून बघत होते.

लोक हसून हसून बेजार झाले. 'परत एकदा!' असा ओरडा झाला. नागसेन भानावर आला. त्याला दरदरून घाम फुटला होता. चुलीपाशी ताट तसंच पडलं होतं.

तेवढ्यात जयराज पोलीस हात धुऊन आला. रुमालानं तोंड पुसलं, टोपी घातली.

"चला," तो नागसेनला म्हणाला.

"कुठं?"

"चौकीला. प्रचारबंदी मोडली तुमी."

"मी? आवं, ही सगळी मघाधरनं..."

"ती बोलत हुती. तुमी भाषण केलं. हुबं राहून. माईक घेऊन."

"ह्यो गलास हाय!"

जयराजनं ग्लासकडं निरखून बघितलं. "गलास जप्त," तो म्हणाला.

त्यावर धोंडुबाई पुढं झाली. बारा ग्लासांचा संच आहे, एक गेला तर अकरा राहतात, पावती दिल्याशिवाय ग्लास दाराबाहेर जायचा नाही. जयराजकडं पावतीपुस्तक नव्हतं, म्हणून जप्ती बारगळली. सयाजी आणि नानासो मात्र नागसेनच्या बाजूनं उभे राहिले.

"सायेब, ह्यांनी प्रचार दोघांचाबी केला," सयाजी म्हणाला. "म्हंजे बेरीज-वजाबाकी शून्य."

"व्हय," नानासो म्हणाला. "आमची काय बी तक्रार न्हाई."

"ते आमच्या फौजदार मॅडमला सांगा," जयराज म्हणाला. भर खानावळीत भाषण झालं आणि पोलीस तिथंच मटण खात बसला होता, ही बातमी त्याच्या आधी चौकीत पोचली तर काय, हीच त्याला खरी काळजी होती.

निघताना धोंडुबाईनं नागसेनच्या हातात एक स्टीलचा डबा दिला. "माझ्या हाटेलातनं आजवर उपाशी कोण गेलं न्हाई," ती म्हणाली. "तुरुंगात बसून खा, पण खा." डब्यात तिनं सगळं नव्यानं भरलं होतं. ग्लासाला पावती मागणाऱ्या बाईनं डबा मात्र तसाच दिला.

चौकी पाच मिनिटांवर होती. पुढं जयराज, मध्ये नागसेन, आणि मागं एकाच मोटरसायकलवर सयाजी आणि नानासो, साक्षीला म्हणून. चौकीत फौजदार शिवांजली मॅडम टेबलावर डबा उघडून जेवायला बसल्या होत्या. तिशीच्या आतल्या, चेहरा उन्हानं रापलेला, आदल्या रात्रीच्या बंदोबस्तानं डोळे लाल.

"मॅडम, ह्यांनी..." जयराजनं सुरुवात केली.

मॅडमनी मान वर न करता एक बोट वर केलं. जयराज गप्प झाला. चौकीतला तो कायदा त्याला माहीत होता. मॅडम जेवत असताना कुणी बोलायचं नाही.

"मॅडम, मी फौजेत..." सयाजी म्हणाला.

बोट पुन्हा वर. सयाजीनं मिशी चावली.

मॅडमची नजर नागसेनच्या हातातल्या डब्यावर गेली. त्यांनी त्याच बोटानं समोरची खुर्ची दाखवली, मग डबा दाखवला, आणि परत स्वतःच्या शेवग्याच्या आमटीत भाकरी बुडवली.

नागसेन बसला. त्यानं डबा उघडला. भिंतीवर घड्याळ होतं, ते चालत होतं. पंखा घरघरत होता. बाकावर सयाजी आणि नानासो मांडीला मांडी लावून शाळेतल्या पोरांसारखे बसले होते. दोघांचीही तोंडं शब्दांनी भरलेली होती, पण उघडायची सोय नव्हती. नानासोनं एकदा नुसता श्वास जोरात घेतला, तर मॅडमची भुवई हलली.

नागसेन जेवला. रश्श्यात आधी ठेचलेल्या लसणाची चव लागली, मग भाजलेल्या खोबऱ्याची, आणि सगळ्यात शेवटी, जिभेच्या मागं, एक हलका चुलीचा धूर. अशा तीन चवी असतात हे त्याला माहीतच नव्हतं. खर्ड्यानं कान गरम झाले. नळी त्यानं दोन्ही हातांनी धरून चोखली, सुर्र आवाज झाला, आणि मॅडमनी त्याला मात्र बोट दाखवलं नाही. कारण तो आवाज जेवणाचा होता. मध्येच त्यांनी स्वतःच्या डब्यातली लोणच्याची फोड त्याच्या झाकणावर ठेवली. त्यानं सुक्याची वाटी पुढं केली. त्यांनी एक फोड घेतली, चाखली आणि मान डोलावली. दोघं अर्धा तास जेवत होते.

मग मॅडमनी हात धुतले, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हं. बोला."

तिघं एकदम बोलले. बांध फुटल्यागत. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"मत कुणाला द्या म्हणाले हे?"

"कुणालाच न्हाई," नानासो म्हणाला.

"मॅडम, दाजींचं भाषण दाजींच्यापेक्षा बरं केलं त्यांनी," सयाजीनं कळवळून सांगितलं.

"मग गुन्हा काय लिहू? नक्कल बरी केली म्हणून?" मॅडम जयराजकडं वळल्या. "आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा तुम्ही कुठं होता?"

जयराजनं टोपी काढून आतलं अस्तर तपासलं.

"जा तुम्ही," मॅडम नागसेनला म्हणाल्या. "जेवण झालं ना?"

"झालं. लय चांगलं झालं." नागसेन उठला. दारापाशी जाऊन थांबला. एरवी त्यानं विचारलं नसतं, पण पोट भरलेलं होतं. "मॅडम, ते जेवताना बोलायचं न्हाई, ते कसं काय लावलं तुमी?"

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "माझे सासरे दाजींचे, नवरा मामांचा. घरी ताटावर बसलं की दोघं मला विचारतात, कोण बरोबर? मी म्हणते, पोलिसाला बोलता येत नाही. तर म्हणतात, घरात कसले पोलीस! म्हणून म्हटलं, निदान इथं तरी."

नागसेननं वाटेत धोंडुबाईचा डबा घासून परत दिला आणि उन्हं उतरता उतरता कुपवाडला पोचला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काहीतरी सांगायचं होतं. प्रियदर्शनी कामावरून आली तशी त्यानं सुरुवात केली. टिचक्या, कानडी, ग्लास, चौकी, शेवग्याची आमटी, सगळं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती ऐकत होती, हसलीही दोनदा. मग म्हणाली, "एवढ्या लांब मटण खाय गेलासा. मला का न्हाई नेलं?"

गेली पंधरा वर्षं तो एकटाच जायचा. का, हे कधी त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी प्रियदर्शनीनं वांग्याची भाजी वाढली आणि समोर बसून जेवायला लागली. एक शब्द बोलली नाही. भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू येत होता. बूड टेकलेलं, हात मोकळे, कान मोकळे. नागसेनच्या घशाखाली घास उतरेना. त्यानं मीठ मागितलं. तिनं डबी सरकवली. त्यानं उन्हाचा विषय काढला. ती 'हं' म्हणाली. धोंडुबाईकडं येत्या रविवारी दोघं जाऊ, असं तो म्हणाला. तरी 'हं'च. शेवटी तो म्हणाला, "काय गं, तुमच्या पॅकिंगमधल्या बायका काय म्हंत्यात? कोण यील?"

प्रियदर्शनीनं भाकरी खाली ठेवली. "आता त्याचं आसं हाय," ती म्हणाली, आणि ताटापुढं सरसावून बसली. पुढची पस्तीस मिनिटं ती बोलत होती. नागसेननं आणखी एक भाकरी मागून घेतली.